नागप्पाचा हात

बेंगळूर
ता. ११ नोव्हेंबर २००२

जगदेवी अक्कास,
योगीराजचा नमस्कार. खुशाल हाय असं आधी लिवायची रीत हाय. मी खुशाल न्हाई, म्हणून ते लिवत न्हाई. तू खुशाल असशील असं धरून पुढं लिवतो.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं. उत्तराला उशीर झाला, कारण उजवा हात पेन धरंना. चौथीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर तसंबी कोंबडीच्या पायाचं, आता कोंबडीबी लंगडी झालीय. तेवढं वाचून घे.

माझं काम तुला ठाऊक हाय. कंपन्यांच्या हापिसात खोटं छत बसवायचं. खरं छत वर असतंयच, त्याच्याखाली दुसरं टांगायचं, पांढरं, गुळगुळीत, आतली घाण झाकायला. दिवसभर मान वर आन् हात वर. वरचं पांढरं पीठ नाकातोंडात जातंय. थुंकलं की चुना थुंकल्यावानी दिसतंय. भातालाबी तीच चव. ज्या हापिसाचं छत आम्ही करतो, तिथला संडास आम्हाला न्हाई. तिसऱ्या मजल्यावरनं उतरून पलीकडच्या मोकळ्या प्लाटात जायचं, तिथं आदल्या दिवसाचं आपलंच बघायचं. ह्या शहराची मला किळस आलीय अक्का. पण ती सवयीची झाली. आता दुसरीच सुरू झालीय, ती अंगातली हाय.

दोन महिने झाले, उजवा हात वर केला की करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट आधी मुंग्या येऊन मरतात. मग तळवा पांढरा पडतो, सोललेल्या मेंढराच्या चरबीवानी. हात लावला तर गार. खाली घेतला की जांभळा होऊन ठणकतो. जेवताना त्या हातानं घास उचलू वाटत न्हाई. दुसऱ्याचा मेलेला हात माझ्या खांद्याला कुणी शिवलाय असं वाटतंय.

गेल्या सोमवारी वर धरलेली फळी सुटली आन् खाली महांतेशच्या पायावर पडली. तो माझ्या खोलीतलाच, पाय सुजून बसलाय. आमचा मेस्त्री गुरुबसव निंबर्ग्याचा. आपल्या भागातला पोरगा म्हणून त्यानंच मला कामावर घेतलेलं. त्यानं सगळ्यांसमोर माझं तोंड हुंगलं. वास लागंना. तरी म्हणला, "पिला न्हाईस, मग हात कामून पडला?"

अक्का, हे मी आधी ऐकलंय. नऊ वर्षांचा होतो, बीरप्पाच्या देवळासमोर. ज्याला विचारलं त्याला उत्तर देता आलं नव्हतं. त्याचं ठीक हाय, त्यो चोर होता. मी कुणाचं काय चोरलंय? उद्या सरकारी दवाखान्यात जाणार हाय. म्हाताऱ्याला यातलं काही सांगू नको.

तुझा,
योगीराज


औराद
ता. २८ नोव्हेंबर २००२

चि. योगीराज यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. हाताचं वाचून जीव थोडा झाला. बीरप्पाच्या भंडाऱ्याची पुडी सोबत घातलीय, अंघोळ झाली की हाताला लाव. दवाखान्यात काय म्हणले ते सविस्तर कळव. आणि अप्पाला म्हातारा म्हणत जाऊ नकोस. तोंडात येतं तेच हातातनं उतरतं तुझ्या.

आता एक बातमी हाय, बस आणि नीट वाच. आपल्या धाकट्या तेजश्रीला बसवकल्याणकडचं स्थळ आलंय. मुलगा बस स्टँडसमोर दुकानात कामाला हाय, निर्व्यसनी. मुलगी पसंत पडली. पण कुणीतरी त्यांच्या कानावर अकरा वर्षांपूर्वीचं घातलं. तू तेव्हा लहान होतास, तुला अर्धंच ठाऊक असेल, म्हणून सांगते. देवाचे चांदीचे डोळे गेले, त्या दिवशी देवळात राखणीला चौघंजण होते. पंचांनी चौघांना सत द्यायला लावलं. पालखीवरचं छत्र उजव्या हातानं डोक्यावर धरायचं, ढोलाच्या पाच बारी वाजून होईपर्यंत. हात टिकला तो निर्मळ, पडला तो चोर. तिघांचे टिकले. अप्पाचा दुसऱ्या बारीला पडला. आणि छत्र धरायचा पिढीजात मान आपल्याच घराचा होता, म्हणून लोकांना ते जास्तच लागलं. तेव्हापासून कुणी त्याला राखायला मेंढरं देत न्हाई, हे तू बघितलंस. आई झुरून गेली, तेही बघितलंस.

ह्यांनी पंचांची गाठ घेतली. ते म्हणाले, माघी पुनवेच्या जत्रेत नागप्पाच्या पोरानं येऊन पाच बारी छत्र धरावं. धरलं तर घरावरचा डाग गेला. बसवकल्याणचे लोकही तोवर थांबतो म्हणालेत. मी तुझ्या वतीनं हो म्हणून बसलेय. तू वीस वर्षांचा, रोज हात वर करूनच भाकर खातोस, तुला पाच बारी म्हणजे काय. तेजश्री सतराची झाली. ये रे.

जगदेवी


बेंगळूर
ता. १५ डिसेंबर २००२

अक्का,
तुझं पत्र आलं त्याला दहा दिवस झाले. त्यातलं छत्राचं सध्या बाजूला ठेव. आधी दवाखान्यातलं सांगतो. हे सगळं मला एकदाच लिवायला जमंल.

तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन रांगेतच गेल्या. मी कानडी बोललो की तिथल्या सिस्टर हसतात, म्हणतात हे हैदराबादी उर्दू हाय. डॉक्टरीण तरुण हाय, ती हसली न्हाई. तिनं मनगटावर नाडी धरली, हात मागं ओढला, मान वळवून दम धरायला लावलं. म्हणली, नाडी गेली. मी म्हणलं, कुठं गेली? म्हणली, मान सरळ कर. आता आली.

मग म्हणली, दोन्ही हात वर कर, कोपरं खांद्याच्या बरोबरीनं, आन् मुठी मीट, उघड, मीट, उघड. तीन मिनिटं. समोर घड्याळ ठेवून बसली. डावा चालू राहिला. उजव्याची आधी करंगळी गेली, मग तळवा पांढरा. मिनिटभरात हात खाली यायला लागला. मी वर ढकलतोय आन् त्यो येतोय. खोलीत आणखी चार पेशंट बसलेले. मला लाज वाटून मी म्हणलं, बाई, मी पिलेलो न्हाई. ती म्हणली, कोण म्हणतंय?

फोटो काढला. मानेच्या मुळाशी दोन्ही बाजूंना एकेक फासळी जास्तीची हाय. माणसाला तिथं नसती, माझ्याला हाय. डावी बोटभर, उजवी लांब. हाताला जाणारी रक्ताची नळी आन् नसा तिथल्या सांदीतनं जातात. हात वर केला की सांदी मिटती, हात मरतो. चिठ्ठीवर इंग्रजीत लिवलंय, महांतेशनं वाचून दावलं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. नाव मोठं हाय. फासळी मात्र कोंबडीच्या हाडावानी.

उपाय विचारला. म्हणली, हात वर करायचं काम सोड, खांद्याचे आन् मानेचे व्यायाम शिकवते, तीन महिने नेमानं कर, कित्येकांना तेवढ्यानंच उतार पडतो. न्हाई पडला तर कापून ती फासळी काढायची. पण तिथं फुप्फुसाचं टोक, नसा, नळी सगळी दाटी हाय, हात पहिल्यावानी होईलच असं मी लिवून देणार न्हाई. मी म्हणलं, काहीच केलं न्हाई तर? त्यावर तिनं माझं बोट धरून टोक दाबलं. म्हणली, टोक काळंनिळं पडलं, नाहीतर साधी जखम महिनोन्‌महिने भरली न्हाई, तर रक्ताची गुठळी अडकलीय समज. मग व्यायामबियाम न्हाई, त्याच दिवशी इथं यायचं. तुझं अजून तसं न्हाई.

उठताना विचारलं, घरात कुणाला हाय का? जन्माचं असतंय. कुणाकुणाच्या घराण्यात चालत येतंय.

मी भाईर आलो आन् गटारापाशी बसून मनातल्या मनात बारी मोजायला लागलो.

अक्का, ढोलाची एक बारी किती मिनिटांची? दोन तरी असंल. आन् ते छत्र, पितळी दांड्याचं. मला नुसता मोकळा हात मिनिटभर धरवंना.

मी शाळा कामून सोडली तुला ठाऊक हाय. पोरं दोन बोटं डोळ्यांपुढं धरून माझ्या मागं हिंडायची. एक गोष्ट ठाऊक न्हाई ती सांगतो. त्या साली एकदा तो जेवत होता, मी जवळ गेलो आन् त्याच्या ताटात थुंकलो. त्यानं तेवढा भाकरीचा तुकडा मोडून बाजूला ठेवला आन् बाकीची खाल्ली. काही बोलला न्हाई. मला तेव्हा त्याची आणखी घाण वाटली, की चोर हाय म्हणूनच गप हाय. आता ज्याची घाण वाटतीय त्याच्याच कातड्यात मला राहायचंय.

त्याला विचार. माझं नाव काढू नको. त्या दिवशी कोणती बोटं आधी गेली, हात कसा दिसत होता. जसं सांगंल तसं लिव.

योगीराज


औराद
ता. ४ जानेवारी २००३

चि. योगीराज यास आशीर्वाद.

बाजाराच्या दिवशी अप्पा औरादला आला होता. मुलं शाळेत होती. चहा दिला आणि विचारलं. आधी उठूनच चालला होता. मग म्हणाला, आज अकरा वर्षांनी पहिल्यांदा कुणी हाताचं विचारलं, सगळे डोळ्यांचंच विचारतात.

करंगळी आधी गेली. पहिली बारी संपायच्या आत. मग शेजारचं बोट. वर बघितलं तर हात चुन्यावानी पांढरा. मला म्हणाला, "मला वाटलं ह्यो माझा हातच न्हाई. दांडा सुटला ते मला आवाजानं कळलं." म्हणजे तुझंच अक्षर न् अक्षर. मी पदरात तोंड घालून रडले, त्याला कारण सांगितलं न्हाई.

मग रात्रंदिवस विचार केला आणि मला एकच सुचतंय. तू ऑपरेशन करून घे. फासळी काढली की हात टिकेल. माघी पुनव सोळा फेब्रुवारीला हाय, सहा आठवडे मिळतात. पंचांना हाडं आणि फोटो कळत न्हाईत, त्यांना हात वर दिसायला पाहिजे. एकदा पाच बारी तू धरलंस की तेजश्रीचं लग्न, आपलं नाव, सगळं मार्गी लागतं. व्यायामात तीन महिने घालवू नकोस. डॉक्टरीणबाईंना हात जोडून सांग, लवकरची तारीख द्या म्हणावं.

अप्पाची तब्येत तशी बरी हाय. दसऱ्याला चुलीपाशी बोट भाजलं होतं, कळलंच न्हाई म्हणतो, ते अजून भरलं न्हाई, टोक काळं दिसतंय. हळद लावते. वय झालं की असंच.

तारीख ठरली की कळव.

जगदेवी


बेंगळूर
ता. १३ जानेवारी २००३

अक्का,
खरं लिवतो, राग धरू नको. तुझं पत्र वाचून मला तुझीच किळस आली. पान भरून छत्राचं लिवलंस आन् अप्पाच्या बोटाचं दीड ओळीत. वय झालं की असंच म्हणतीस. डॉक्टरीणबाई काय म्हणली ते म्या तुला लिवलं होतं, तू वाचलंस आन् माझ्यापुरतं वाचलंस. दसऱ्यापासनं जखम भरंना, टोक काळं. त्याच्या बोटात रक्त जाईना अक्का. हळद कशाला लावतीस, ते आतनं कुजायलंय.

मी पत्र घेऊन दवाखान्यात गेलो. बाईला वाचून दावलं, कानडीत करून. ती म्हणली, ह्या माणसाला आणा, आज आणा.

तिथंच तुझंबी विचारलं, तुझा शब्द पडू नये म्हणून. माझी फासळी काढली तर सोळा फेब्रुवारीला पितळी छत्र दहा मिनिटं धरता येईल का? ती कशासाठी म्हणली. सांगितलं. म्हणली, तीन महिने तर जड उचलूच देणार न्हाई. आन् तुला ऑपरेशनची गरज हाय की न्हाई ते अजून ठरायचंय, ते तुझ्या हातासाठी ठरंल, जत्रेसाठी न्हाई.

तरी समज, हात सोन्याचा झाला आन् म्या पाच बारी धरल्या. लोक काय म्हणतील? बाप चोर होता, पोरगा निर्मळ निघाला. आन् पडला तर म्हणतील, बाप चोर, पोरगाबी चोर. दोन्हीकडनं बाप चोरच. कापून घेऊन म्या त्यांच्याच तोंडात ते वाक्य घालायचं का? देवळाच्या त्या पायरीची मला एवढी घाण वाटतीय की तिच्यावर म्या थुंकणारबी न्हाई. एकदा थुंकून बसलोय.

दाजीला सांग, अप्पाला बीदरहून गाडीत बसवून दे. मी इथं उतरवून घेतो.

योगीराज


औराद
ता. २१ जानेवारी २००३

योगी,
तू लिहिलंस ते लागलं. पण खोटं न्हाई. बोटाचं वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तेजश्रीचं लग्नच होतं, अप्पा नव्हताच. पुन्हा काढून वाचलं तेव्हा मलाच माझी शरम वाटली.

त्याच दिवशी आपल्या गावात गेले. अप्पा येत न्हाई म्हणाला. जत्रा तोंडावर आलीय, आता गाव सोडला तर पळाला म्हणतील. बोट गळून पडलं तर पडू दे, देवानं नेलं म्हणतील, त्यांचंही समाधान होईल. ह्यांनी समजावलं, तेजश्रीनं पाय धरले. घोंगडी पांघरून भिंतीकडं तोंड करून बसला.

मग मी खोटं बोलले. म्हणलं, योगीचा हात कापायचाय, सहीला बाप लागतो, बापाशिवाय डॉक्टर सुरी लावत न्हाईत.

लगेच उठला. धोतर बदललं आणि दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "गाडी किती वाजता हाय?"

उद्या ह्यांच्यासोबत बीदरला जाईल. तो तुझ्यासाठी यायलाय, स्वतःसाठी न्हाई. पुढचं तू बघ.

अक्का


बेंगळूर
ता. ३१ जानेवारी २००३

अक्का,
अप्पा पोचला. गाडीतनं उतरला आन् माझा चेहरा बघायच्या आधी माझा हात बघितला. शाबूत हाय म्हणल्यावर मग मी बारीक झालोय का ते विचारलं. तुझं खोटं दवाखान्याच्या दारापर्यंत टिकवलं, पुढं टिकलं न्हाई.

बोटाची पट्टी सोडली तेव्हा जो वास आला तो लिवत न्हाई. मेंढराच्या खुराला किडे पडल्यावर येतो तसा. अप्पा दुसरीकडं बघत होता. बोट जणू शेजाऱ्याचं हाय. बाईनं मनगट चाचपलं आन् म्हणली, आजोबा, दोन्ही हात वर करा.

त्यानं केले न्हाईत. बाईनं पुन्हा सांगितलं. खोलीत लोक बसलेले. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग मला हळू विचारलं, "इथं बी धरायचं?"

मी शेजारी उभा राहिलो आन् माझेच दोन्ही हात वर केले. मग त्यानं केले. बाई घड्याळ बघत होती. त्याचा उजवा अर्ध्या मिनिटात आला. माझा त्याच्या पाठोपाठ. त्यानं आपल्या हाताकडं बघितलंच न्हाई, माझ्याच हाताकडं बघत होता.

"तुझा बी पडतो?"

"पडतो, अप्पा."

घर सोडल्यावर सहा वर्षांनी म्या त्याला अप्पा म्हणलं. त्यानं ते ऐकलं का ठाऊक न्हाई. तो बाईकडं बघत उभा होता, हात खाली लोंबत, आता ती काय निकाल देती म्हणून. ती कागदावर लिवत होती. लिवून झाल्यावर म्हणली, बसा आजोबा, झालं.

त्याच्या फोटोतबी तीच फासळी. माझ्यापेक्षा लांब. उजेडाच्या काचेवर दोन्ही फोटो शेजारी लावले आन् म्या बोटानं दावलं. हे तुझं, हे माझं. मला वाटलं खुश होईल, शिव्या देईल, काहीतरी करंल. तर म्हणतो कसा, "मला वाटायचं, झोपेत-बिपेत म्याच उचलले असतील. मला आठवंना येवढंच."

अकरा वर्षं अक्का. आपण सोड, गाव सोड, त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. हाताचं ऐकून त्यानंबी स्वतःला चोर ठरवलं होतं. हे ऐकल्यापासनं मला जेवण जाईना. माझ्या थुंकीची जितकी घाण वाटली न्हाई तितकी ह्याची वाटायलीय. त्यानं तो तुकडा बाजूला काढला तेव्हा बरोबर केलं पोरानं असंच वाटलं असंल त्याला.

मी म्हणलं, हे दोन्ही फोटो माघात घेऊन जातो आन् देवळाच्या दाराला टांगतो, पंचांच्या नाकापुढं. तो म्हणला, "त्येंना कशाला दावतोस. मला दावलास, बास."

अकरा तारखेला, मंगळवारी, त्याचं ऑपरेशन हाय. फासळी काढणार, नळीतली गुठळी काढणार. बोटाचं टोक वाचणार न्हाई, हात वाचंल. नळीपाशी गेल्यावर रक्त जास्त गेलं तर धोका हाय, तेबी बाईनं लपवलं न्हाई. त्याला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, नंतर भाकर मोडता येईल का? येईल म्हणली. मग अंगठा दिला, डाव्या हाताचा. दाजी आन् तू आदल्या सोमवारपर्यंत या.

माझं सध्या व्यायाम. रोज भिंतीपाशी उभं राहून खांदे मागं, हनुवटी आत, महांतेश बघून हसतो. तीन महिने बघायचं ठरलंय, फरक न्हाई पडला तर मीबी टेबलावर जाईन, पण माझ्या हातासाठी. छताचं काम सोडलं. गुरुबसवला चिठ्ठी दावली. त्यानं वाचून परत दिली, हुंगल्याबद्दल काही म्हणला न्हाई, फरशीच्या कामावर घेतो म्हणला. तिथंबी पीठ उडतंयच, पण ते गुडघ्याएवढं.

तेजश्रीला विचार. आपण विचारायला पाहिजे होतं ते तिला कुणी विचारलंच न्हाई. ज्या घराला तिच्या भावाचा हात पाच बारी वर बघितल्याशिवाय ती नको, तिथं तिला जायचंय का? ती जायचं म्हणली तर तिचं ती बघंल, मी आडवा येणार न्हाई. पण छत्र धरायला मी येत न्हाई. पंचांना माझं नाव घेऊन सांग.

देवाचे डोळे कुणी नेले मला ठाऊक न्हाई. अप्पालाबी न्हाई. राखणीला चौघं होते, तिघांचे हात वर राहिले. नेले असतील तर त्यातल्याच एकानं. त्याच्या फासळ्या बरोबर होत्या, येवढंच.

तुझा,
योगीराज